मायला ऑक्सिजन दोनच्या वर का नको? (फुप्फुस, घरातली मशीन आणि आमची झालेली चूक)

अंजनीकाठ
रात्री १०.२०

मंडळी, गेल्या पंधरवड्यात आमच्या घरी जे झालं ते इथे लिहिते आहे. डॉक्टरांनी समजावलं, पण त्या वेळी डोकं ठिकाणावर नव्हतं. निम्मं कळलं, निम्मं नाही.

माझी माय ६६ वर्षांची. एरंडोल तालुक्यात आमचं गाव. तिने आयुष्यात विडी-तंबाखूला हात लावलेला नाही, पण चाळीसेक वर्षं चुलीपुढे काढली. कपाशी निघाली की पऱ्हाट्या, नाहीतर तुराट्या आणि गोवऱ्या. स्वयंपाकघराला खिडकी एकच, तीही भांड्यांच्या मांडणीमागे. चार वर्षांपूर्वी सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार) निघाला. यंदा थंडीत छातीत कफ झाला, जळगावला आठ दिवस अॅडमिट होती. घरी सोडताना ऑक्सिजनची मशीन (कॉन्सन्ट्रेटर) घ्यायला सांगितली. डॉक्टरांनी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं: 'एक ते दोन लिटर. बोटातल्या मशीनवर ८८ ते ९२. त्याच्या वर नको.'

चौथ्या रात्री आकडा ८६ झाला. मायचं एकच, "दम लागस माले." मामा आलेले होते. ते म्हणाले, "मशीन पाचची आहे ना, मग दोनवर कंजुषी कशाला?" मीच उठून मशीनच्या काचेच्या नळीतला गोळा पाचवर नेला. पाच-दहा मिनिटांत आकडा ९७. घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माय झोपली. किती दिवसांनी इतकी शांत झोपली म्हणून आम्हीही झोपलो.

सकाळी उठवायला गेले तर ती नीट जागीच होईना. डोळे उघडायची, काहीतरी पुटपुटायची, परत मिटायची. कपाळावर घाम, तळहात गरम. हात पुढे करायला लावला तर पंजा फडफड हलत होता. बोटातली मशीन ९७च दाखवत होती! १०८ ला फोन केला. जळगावला मनगटातून रक्त काढलं. कार्बन डायऑक्साइड ७८ निघाला. तो ३५ ते ४५ असायला हवा म्हणे. डॉक्टर म्हणाले, "ऑक्सिजन जास्त झाला."

दोन दिवस बायपॅपवर होती. आता घरी आहे, बोलते, जेवते. पण मला रात्री झोप येत नाही. जी गोष्ट जीव वाचवते ती जास्त झाली म्हणून माणूस असा कसा होतो? आणि आकडा ९७ होता तो खोटा होता का?

---

केळीबाग_रावेर
रात्री १०.५५

ताई, वाचून पोटात गोळा आला. माय आता बरी आहे हे वाचलं तेव्हा हायसं वाटलं.

आमच्या आबांच्या वेळी डॉक्टरांनी असं सांगितलं होतं, की निरोगी माणसाचा मेंदू कार्बन डायऑक्साइड वाढला की श्वास घ्यायला लावतो. सीओपीडीच्या जुन्या पेशंटच्या मेंदूला त्या वायूची सवय होऊन जाते. मग तो ऑक्सिजन कमी झाला की श्वास घ्यायला लावतो. आपण ऑक्सिजन वाढवून दिला की मेंदूला वाटतं काम झालं, आणि श्वास मंदावतो. जाणकारांनी चुकत असेल तर सांगावं.

---

पांझरा
रात्री ११.४०

मी धुळ्यात भूलतज्ज्ञ आहे, आयसीयूतही काम करतो. ताई, सगळ्यात आधी तुमचा शेवटचा प्रश्न. आकडा खोटा नव्हता. ९७ खराच होता. ती मशीन बोटातून लाल आणि अवरक्त असा दोन प्रकारचा प्रकाश सोडते आणि रक्तातलं किती हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलंय तेवढं मोजते. जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये ही युक्ती शोधली. पण कार्बन डायऑक्साइड किती साठला, हे तिला कळतच नाही. त्यासाठी धमनीतलंच रक्त काढावं लागतं.

इथेच सगळी गल्लत होते. आपण 'श्वास' म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे आत जाणारी हवा येते. पण श्वासाची कामं दोन आहेत: ऑक्सिजन आत घेणं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणं. मायचं दुसरं काम अडलेलं होतं. तुम्ही पहिल्याला मदत केली आणि दुसरं आणखी अडलं.

जरा मुळापासून सांगतो. फुप्फुसाला स्वतःचा स्नायू नसतो, ते आपणहून फुगत नाही. छातीखाली श्वासपटल असतं, घुमटासारखं. ते आकसून खाली सरकतं, बरगड्या वर उचलतात, आत जागा वाढते आणि हवा खेचली जाते. पिचकारीचा दट्ट्या ओढला की पाणी आत येतं तसं. बाहेर सोडताना निरोगी माणसाला काहीच करावं लागत नाही. ताणलेलं फुप्फुस रबरासारखं आपोआप आकसतं. शांत बसलेला मोठा माणूस एका वेळी अर्धा लिटर हवा घेतो, मिनिटाला १२ ते २० वेळा. आत जाणाऱ्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, बाहेर येणाऱ्या हवेत साधारण १६.

धुराने नेमकं ते रबरच सैल होतं. बारीक नळ्या सुजतात, आणि उच्छ्वासाच्या वेळी मिटतात. हवा आत जाते पण पूर्ण बाहेर पडत नाही. जुनी शिळी हवा आत कोंडते, छाती पिंपासारखी गोल होते. अशा पेशंटला 'जोरात श्वास घ्या' म्हणू नका. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतायला सांगण्यासारखं आहे ते.

आता केळीबाग यांचा मुद्दा. आम्हालाही कॉलेजात हेच शिकवलं होतं आणि ते अगदी चूक नाही, पण मुख्य कारण दुसरं आहे. तुम्ही रावेरचे आहात, ठिबकावर सांगतो.

समजा बागेत काही ओळींतली झाडं मेली आहेत. शहाणा शेतकरी काय करतो? त्या ओळींच्या लॅटरलचे (ठिबकच्या नळ्यांचे) कॉक बंद करतो आणि पाणी जिवंत ओळींना वळवतो. फुप्फुस हेच करतं. ज्या भागात हवा नीट पोचत नाही तिथला ऑक्सिजन कमी होतो, त्या भागाच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्त चांगल्या भागाकडे जातं. मायच्या फुप्फुसाने चार वर्षं हे कॉक अगदी जपून लावून ठेवले होते. पाच लिटर ऑक्सिजन गेला आणि सगळीकडे ऑक्सिजन भरपूर आहे असं दिसलं, कॉक उघडले. रक्त पुन्हा मेलेल्या ओळींकडे गेलं. तिथे हवेची ये-जाच नाही, त्यामुळे रक्त आपला कार्बन डायऑक्साइड न टाकताच परत फिरलं. शिवाय हिमोग्लोबिन थोडा कार्बन डायऑक्साइडही धरून असतं. ऑक्सिजन गच्च भरला की ते तो सोडून देतं, म्हणजे रक्तात आणखी भर. तो फार वाढला की रक्त आम्लधर्मी होतं आणि मेंदूवर गुंगी येते. 'शांत झोप' दिसली ती हीच.

टास्मानियात अॅम्ब्युलन्समधल्या पेशंटवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. श्वास लागलेल्या ज्या पेशंटना सरसकट भरपूर ऑक्सिजन दिला त्यांच्यात ९ टक्के दगावले. ज्यांना ८८ ते ९२ मध्ये धरून मोजून दिला त्यांच्यात ४ टक्के. तुमच्या डॉक्टरांनी कागदावर लिहिलं ते यासाठी.

एक मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. हा आकडा सीओपीडी आणि तशाच पेशंटसाठी आहे. निमोनिया झालेल्या धडधाकट माणसाला ९० आला तर 'चालतंय' म्हणून घरी बसू नका. आणि सीओपीडीवाल्याचा ऑक्सिजन भीतीने एकदम बंदही करू नका, तेही तेवढंच घातक आहे.

---

अंजनीकाठ
रात्री ११.५८

डॉक्टर, ठिबकाचं वाचून मामांना फोन लावला. त्यांच्याही मनाला लागलंय फार. मग त्या रात्री ८६ असताना आम्ही काय करायला हवं होतं? आणि बायपॅप म्हणजे व्हेंटिलेटरच का? वहिनी तर त्या मास्ककडे पाहूनच रडायला लागल्या होत्या.

---

पांझरा
रात्री १२.२५

८६ आला तर आधी हात बघायचा. गार बोटं, नखावर मेंदी किंवा नेलपॉलिश, हलणारा हात, यांनी आकडा चुकतो. हात चोळून गरम करा, दुसरं बोट लावून मिनिटभर थांबा. नळी नाकातून सरकली आहे का, कुठे दुमडली आहे का ते बघा. मायला उठवून बसवा, पुढे उशीवर हात टेकवून जरा वाकवा. डॉक्टरांनी सांगितलेला पंप (इन्हेलर) स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या प्लास्टिकच्या पोकळ डब्यातून द्या. दोनवर असूनही ८८ खालीच राहिला तर डॉक्टरांना फोन करा नाहीतर गाडी बोलवा. आणि सकाळी डोकं जड, दिवसा पेंग, बोलण्यात गोंधळ, हाताची फडफड, यातलं काहीही दिसलं तर आकडा कितीही छान असो, दवाखाना गाठा.

गोळ्याबद्दल एक बारीक गोष्ट. काचेच्या नळीतला गोळा रेघेच्या वर ठेवायचा की खाली, यात बरेच जण चुकतात. गोळ्याचा मध्य रेघेवर हवा, आणि डोळा गोळ्याच्या पातळीवर आणून बघायचं.

बायपॅपमध्ये घशात नळी नसते, घट्ट बसणारा मास्क असतो. पेशंट श्वास घेतो तेव्हा मशीन जास्त दाबाने हवा ढकलते, सोडतो तेव्हा दाब कमी करते पण शून्य करत नाही. त्या उरलेल्या दाबामुळे मिटणाऱ्या नळ्या उघड्या राहतात आणि कोंडलेली हवा बाहेर पडते. म्हणजे मायचं जे काम अडलं होतं त्यालाच हात दिला. दमलेल्या स्नायूंना विसावाही मिळतो. सीओपीडीत रक्त आम्लधर्मी झालं असेल तर वेळेवर लावलेल्या बायपॅपने घशात नळी घालायची वेळ बऱ्याचदा टळते. वहिनींना सांगा, तो मास्क पाहून घाबरायचं नाही.

---

पांझरा
रात्री १२.५०

झोप येत नाहीये, म्हणून आणखी एक लिहितो. आमच्या क्षेत्रातली ही घटना मला फार जवळची आहे.

१९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयानक साथ आली. पोलिओने श्वासाचे स्नायू लुळे पडत. तेव्हा 'लोखंडी फुप्फुस' असायचं, माणसाला गळ्यापर्यंत टाकीत ठेवायचं आणि टाकीतला दाब कमी-जास्त करून छाती फुगवायची. ब्लेगडॅम हॉस्पिटलात तशी पूर्ण टाकी एकच होती. रोज नवे पेशंट येत. रक्तात एक क्षारधर्मी घटक वाढलेला दिसे आणि डॉक्टर बुचकळ्यात पडत, कुठला तरी वेगळाच आजार असावा म्हणून. ब्योर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने सांगितलं, की वेगळं काही नाही, यांचा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाहीये. ऑक्सिजन दिल्यामुळे रंग गुलाबी दिसतोय, पण आत वायू साठतोय.

मायच्या बोटावरचे ९७ आठवा.

ऑगस्टमध्ये त्याने एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेला छेद घेऊन नळी घातली आणि रबरी पिशवीने हाताने हवा दिली. ती वाचली. मग सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्या लावून, पेशंटच्या उशाशी बसून, रात्रंदिवस पिशव्या दाबत राहिले. अशा पेशंटमध्ये मृत्यूचं प्रमाण ८० टक्क्यांच्या वर होतं, ते ४० च्या आसपास आलं. आजचा आयसीयू तिथून सुरू झाला. आपल्या प्रत्येक अॅम्ब्युलन्समध्ये असते ती अँबू बॅगही डेन्मार्कचीच, १९५६ ची.

---

तोरणमाळची_वाट
सकाळी ६.१०

पिशवी दाबण्याचं वाचलं आणि राहवलं नाही. मी नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या भागात नर्स आहे.

आमच्याकडे पावसाळ्यात मण्यार चावते. जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावते, सूज नाही, दुखणं फारसं नाही. माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून उठतो. मग पापण्या मिटायला लागतात, गिळता येत नाही, आवाज नाकात जातो. विष नसांचा स्नायूंना जाणारा निरोप तोडतं आणि शेवटी श्वासपटलच थांबतं. फुप्फुस ठणठणीत, हृदय ठणठणीत, फक्त भाता हलवणारं कुणी नाही.

काही वर्षांपूर्वी एका नऊ-दहा वर्षांच्या पोराला असंच आणलं. पापण्या उचलेनात, ओठ निळे. सापाच्या विषावरचं औषध सुरू केलं, डॉक्टरांनी घशात नळी घातली आणि गाडीत मी पिशवी दाबत बसले. घाटातून जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत. दाबायचं, सोडायचं, छाती वर येते का बघायचं. मनात आकडे मोजत होते, बोटांना गोळे आले तेव्हा त्याच्या बापाला शिकवलं आणि त्याने दाबली. तो दर वेळी सोडताना पोराच्या छातीकडे बघायचा आणि खाली गेली की मान हलवायचा. पोरगं पाच दिवस व्हेंटिलेटरवर होतं. सहाव्या दिवशी नळी काढली, पुढच्या आठवड्यात चालत घरी गेलं.

म्हणून 'व्हेंटिलेटर लावला म्हणजे संपलं' असं कुणी म्हटलं की मी थांबवते. मण्यारीच्या पेशंटला व्हेंटिलेटर म्हणजे विष उतरेपर्यंत कुणीतरी त्याच्या वाटचा श्वास घेणं. भगताकडे गेलेले दोन तास मात्र परत मिळत नाहीत.

---

केळीबाग_रावेर
सकाळी ७.३०

नर्सताई, तुम्हाला आणि त्या बापाला दंडवत.

नंदुरबारचं निघालं म्हणून आठवलं. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आम्ही आबांसाठी सिलिंडर शोधत जिल्हाभर फिरलो. तेव्हा नंदुरबारला हवेतून ऑक्सिजन करणारे प्लांट आधीच उभे होते. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड यांनी पहिली लाट ओसरत असतानाच, २०२० च्या सप्टेंबरात पहिला बसवून घेतला होता. ते स्वतः डॉक्टर, आणि आपल्या साक्री तालुक्यातले. हवेतून ऑक्सिजन म्हणजे नक्की काय, ते मला तेव्हाही कळलं नव्हतं.

---

पांझरा
सकाळी ८.०५

तेच तत्त्व मायच्या मशीनमध्ये आहे, फक्त लहान. हवा दाबून झिओलाइट नावाच्या खनिजाच्या खड्यांतून नेतात. दाबाखाली खडे नायट्रोजन पकडून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे निघतो, साधारण ९३ टक्के. मग दाब सोडला की खडे नायट्रोजन सोडून देतात. दोन डबे आळीपाळीने हे करतात, ती मशीन दर काही सेकंदांनी 'फुस्स' करते ना, तो हाच आवाज. म्हणून तिच्यात ऑक्सिजन भरावा लागत नाही. पण वीज लागते, आणि आपल्याकडच्या धुळीत जाळी दर आठवड्याला धुऊन, वाळवून लावावी लागते.

---

मेडिकलवाली_चोपडा
सकाळी ११.१५

मी औषधाच्या दुकानात बसते. मशीनच्या आधीची पायरी पंपाची, आणि तिथे जे दिसतं ते सांगायलाच हवं.

एक आजी तीन महिने येऊन कॅप्सूल नेत होत्या. काही फरक नाही म्हणायच्या. एकदा विचारलं, "कशा घेता?" तर म्हणाल्या, पाण्यासोबत. श्वासात ओढायच्या पावडरीच्या कॅप्सूल, त्या गिळत होत्या! यंत्र डब्यात नवंकोरं पडलेलं. दोष आजीचा कसा म्हणू? कुणी त्यांच्यासमोर एकदा करून दाखवलं नव्हतं. मी तिथेच खुर्चीवर बसवलं आणि करून घेतलं.

दोन प्रकार आहेत आणि दोन्हींची पद्धत उलट आहे. पावडरवालं यंत्र जोरात आणि खोल ओढायचं, कारण पावडर तुमच्याच ओढीने उडते. गॅसचा पंप हळू ओढायचा, आधी हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, मग दाबून सावकाश घ्यायचा आणि दहापर्यंत मोजत धरायचा. म्हाताऱ्या माणसांना स्पेसर घेऊन द्याच, नाहीतर निम्मं औषध जिभेवर आणि घशात बसतं. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरून थुंकायचं, तोंडात पांढरं होत नाही.

आणि 'पंपाची सवय लागते' हे दुकानात मी रोज ऐकते. पंपात औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट जागेवर जातं. गोळीतलं सगळ्या अंगभर फिरतं. सवय लागत नाही, आजार राहतो म्हणून पंप राहतो.

---

गिरणाकाठचा
दुपारी १.४०

माझे आजोबा खान्देशातल्या एका कापडगिरणीत पिंजाई खात्यात होते. आजी सांगायची, दर सोमवारी त्यांची छाती आवळायची. रविवारी सुट्टीत बरं वाटायचं, सोमवारी कामावर गेले की परत, आणि गुरुवार-शुक्रवारपर्यंत कमी व्हायचं. घरात सगळे म्हणायचे, कामाचा कंटाळा. पुढे कळलं की कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराची ही ठरलेलीच खूण आहे. त्याला बिसिनोसिस म्हणतात. आजोबा शेवटी बाजेवर बसूनच झोपायचे, आडवे झाले की जीव गुदमरायचा.

जिनिंगमध्ये, डाळमिलमध्ये, मिरचीच्या पथारीवर काम करणारे कुणी हे वाचत असतील तर नुसता रुमाल बांधून भागत नाही. बारीक धूळ रुमालातून आरपार जाते. एन-९५ मास्क घ्या, आणि सोमवारी छाती आवळत असेल तर ते डॉक्टरांना मुद्दाम सांगा.

---

बोरी_पारोळा
दुपारी ३.०५

अंजनीकाठ ताई, विजेचं काय केलंय? आमच्याकडे बाबांना मशीन आहे. पाच लिटरची मशीन साडेतीनशे वॅटच्या आसपास ओढते, साध्या इन्व्हर्टरवर थोडा वेळ चालते, पण वादळात तार तुटली की रात्र जाते. आम्ही एक लहान सिलिंडर भरून ठेवलाय. त्यात १५०० लिटर बसतात, दोनवर (मिनिटाला दोन लिटर) चालवला तर साडेबारा तास. मोठ्या जंबोत ७००० लिटर, पण तो हलवायला दोन माणसं लागतात. सिलिंडरच्या रेग्युलेटरला तेल-वंगण अजिबात लावू देऊ नका, ऑक्सिजनसोबत ते पेट घेतं.

---

अंजनीकाठ
दुसऱ्या दिवशी, रात्री ९.३०

सगळ्यांचं वाचलं. मायलाही वाचून दाखवलं. मण्यारीच्या पोराचं ऐकून तिने दोनदा विचारलं, तो आता कसा आहे.

आज केलेलं सांगते. गोळ्याचा मध्य दोनच्या रेघेवर आणून, त्या जागी काचेवर लाल चिकटपट्टी लावली. कागद मशीनवर चिकटवला, खाली मामांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: 'मला विचारल्याशिवाय हात लावू नये.' त्यांना मी काही म्हटलेलं नव्हतं. सिलिंडर उद्या येतोय.

एक गोष्ट कुणी लिहिली नव्हती पण आज डोळ्यांसमोर घडली. संध्याकाळी माय नाकात नळी ठेवूनच देवापुढे निरांजन लावायला वाकली. मी धावत जाऊन हात धरला. ऑक्सिजन नळीतून पदरावर, केसांवर साठतो, ठिणगी पडली तर भडका. आता निरांजन नात लावते, माय पलंगावरून हात जोडते. चूलही मागच्या पडवीत हलवली. तिने विरोध केलाच, "भाकरी मीच करसू." गॅसवरची भाकरी तिला भाकरी वाटत नाही.

डॉक्टर, तुम्ही उच्छ्वासाचं सांगितलं म्हणून आज फॉलोअपला मी मुद्दाम विचारलं. तिथल्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी शिकवलं: नाकाने दोन मोजत घ्यायचा, ओठांचा चंबू करून चार मोजत सोडायचा. चंबूमुळे नळ्यांत थोडा दाब राहतो आणि त्या मिटत नाहीत. मायला ते जमेना, ती जोरात फुंकायची आणि खोकला यायचा. मग मी म्हटलं, "माय, फुंकणी. पण विझत आलेल्या चुलीला नको, नुकत्या धरलेल्या जाळाला घालतेस तशी."

तिने ओठ जुळवले आणि सोडत राहिली, सोडत राहिली. मी सहापर्यंत मोजले.

---

पांझरा
रात्री ९.५२

सहा म्हणजे उत्तम. दिवसातून चार वेळा, पाच-पाच मिनिटं. पायऱ्या चढताना आणि अंघोळीनंतर तर नक्की. एक महिन्याने रक्ताची तपासणी परत करून घ्या आणि कार्बन डायऑक्साइड किती आला ते इथे लिहा. ऑक्सिजन रोज किती तास द्यायचा तेही त्याच भेटीत विचारा. ज्यांचा कायम कमी राहतो त्यांना दिवसाचे किमान १५ तास मिळाला तरच आयुष्यात फरक पडतो, म्हणजे रात्रीची झोप त्यात धरायची.

---

तोरणमाळची_वाट
रात्री १०.१५

मायला सांगा, पोरगं आता आश्रमशाळेत आहे. कबड्डी खेळतो.